ड्रायरमधून कपडे गरम पण ओलसर निघतात आणि थर्मल फ्यूज पुन्हा उडाला: नेमके काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे विजेवर चालणारा, दमट हवा पाइपातून घराबाहेर सोडणारा ड्रायर आहे. पूर्वी जे कपडे एका फेरीत कोरडे होत, त्यांना हल्ली जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. ड्रम नीट फिरायचा, कपडे बाहेर काढताना हाताला चांगलेच गरम लागायचे, आणि तरीही जीन्सच्या कमरेच्या शिवणी आणि टॉवेलच्या कडा ओल्याच राहायच्या. मध्यंतरी गरम होणे पूर्ण बंद झाले, तेव्हा मेकॅनिकने थर्मल फ्यूज उडाल्याचे सांगून तो बदलून दिला. मशीन काही आठवडे चालले आणि आता नवा फ्यूजही उडाला आहे. ड्रम फिरतो, पण हवा थंडच येते. या वेळी हीटर आणि कंट्रोल बोर्ड दोन्ही बदलावे लागतील असे त्याचे म्हणणे आहे. तोवर फ्यूजच्या दोन्ही वायरी थेट जोडून देण्याची तयारी त्याने दाखवली, पण ते मला पटले नाही म्हणून मी नको म्हटले. दरवाजाजवळची लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक धाग्यांच्या कचऱ्याची) जाळी प्रत्येक वापरानंतर साफ केली जाते. एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल आणि कुठे हात घालू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वायरी थेट जोडू दिल्या नाहीत, हे आपण फार योग्य केले. थर्मल फ्यूज ठरावीक तापमानाच्या वर गेला की कायमचा तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळत नाही. तो उडाला याचा अर्थ मशीनमध्ये उष्णता साचत होती. कारण तसेच ठेवून नवा फ्यूज बसवला तर तोही उडणार, हे आपण पाहिलेच आहे. वायरी थेट जोडल्या असत्या तर ती उष्णता रोखणारे शेवटचे साधन गेले असते, आणि मशीनच्या पोटात साठलेला सुका लिंट पेट घ्यायला फारसा वेळ लावत नाही.

कपडे गरम पण ओले निघणे ही बहुतेक वेळा हवा अडल्याची खूण असते. हीटरच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते खरी, पण पंख्याने ती ओढून बाहेर टाकली नाही तर ड्रममधली हवा ओलाव्याने भरून जाते आणि कपड्यांतले पाणी सुटायचे थांबते. त्याच वेळी हीटरवरून जाणारी हवा कमी झाल्यामुळे त्याच्या आसपासचे तापमान भराभर चढते, थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) हीटर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो, आणि फेरीतला बराचसा वेळ हीटर बंदच राहतो. हिशेब करून पाहिला तर हे स्पष्ट होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागते. २५०० वॉटचा, म्हणजे तासाला अडीच युनिट घेणारा हीटर अखंड चालला आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही, तरी तासाभरात तो चार लिटरांपेक्षा कमीच पाणी उडवू शकतो. धुतलेल्या कपड्यांत तीन लिटर पाणी असेल तर पाऊण तासाहून कमी वेळात ते वाळणे शक्यच नाही. त्यात हीटर निम्मा वेळ बंद राहू लागला तर लागणारा वेळ दुप्पट होतो, म्हणजे आपल्याकडे घडले तेच.

म्हणून सुरुवात पाइपापासून करावी. फ्यूज उडालेला असला तरी ड्रम आणि पंखा चालत आहे, तेव्हा मशीन रिकामे चालवून घराबाहेरच्या तोंडाशी झडप किती उघडते ते पाहा. ती पूर्ण उचलली जायला हवी आणि हाताला हवेचा जोर जाणवायला हवा. नंतर मशीन बंद करून प्लग काढा, ते पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा आणि आत टॉर्च मारून बघा. मशीन भिंतीला टेकवून ठेवलेले असेल तर पाइप नेमका तिथेच चेपलेला सापडतो. पाइप चुणीदार फॉइलचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर तो साफ करण्यापेक्षा बदलणेच बरे, कारण चुण्यांच्या प्रत्येक खाचेत लिंट अडकतो आणि प्लॅस्टिक आगीत टिकत नाही. त्याऐवजी आतून गुळगुळीत असलेला, साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा, कडक पत्र्याचा पाइप घ्यावा. सांधे फॉइलच्या टेपने बंद करावेत. आत टोक निघेल असा स्क्रू मारू नये, कारण त्या टोकावर लिंट अडकत जातो. काटकोनी वळणे जितकी कमी तितके चांगले. बाहेरच्या तोंडाला पक्ष्यांसाठी म्हणून बारीक जाळी लावलेली असेल तर तीही काढावी. ती आतून बुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दरवाजाजवळची जाळी स्वच्छ दिसत असली तरी नळाखाली धरून पाहा. पाणी सरळ खाली न जाता जाळीवर साचून राहिले, तर कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी शीटमधल्या पदार्थाचा अदृश्य थर तिच्यावर बसला आहे. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त विजेच्या बाजूविषयी थोडे सांगतो. मागचे झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढलेला हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. मोटरचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यानंतरही विजेचा भार धरून ठेवू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. गॅसवर चालणारा ड्रायर असता तर झाकण उघडूच नका, असे मी म्हटले असते; तिथे गॅसची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड असे दोन्ही धोके असतात.

हीटर खराब आहे का, हे मल्टीमीटरने लगेच कळते. त्याच्या वायरी सोडवून रोध मोजावा. २३० व्होल्टवरच्या २५०० वॉटच्या हीटरचा रोध साधारण २१ ओहम येतो. आपल्या मशीनचे वॉट मागच्या पट्टीवर लिहिलेले असतील, त्यावरून आकडा काढता येईल. मीटर काहीच जोड दाखवत नसेल तर हीटरची तार तुटली आहे. हीटरचे टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मात्र जोड मुळीच दिसता कामा नये. दिसला तर हीटर बदलावाच लागेल. पण आपले कपडे फ्यूज उडेपर्यंत गरम निघत होते, त्या अर्थी तार शाबूत असण्याचीच शक्यता अधिक. न मोजता हीटर आणि बोर्ड एकदम बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

थर्मोस्टॅटकडे मात्र जरूर पाहा. त्याचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले तर तो हीटर वेळेवर बंद करत नाही आणि मग फ्यूज उडतो. अडचण अशी की थंड असताना चांगला आणि चिकटलेला असे दोन्ही थर्मोस्टॅट मीटरवर सारखेच, जोडलेले दिसतात. त्यामुळे मीटर जोड दाखवतो (कंटिन्युइटी), नुसत्या एवढ्यावरून तो निर्दोष ठरवू नये. हा भाग स्वस्त असतो. फ्यूज दुसऱ्यांदा बदलताना थर्मोस्टॅटही त्यासोबत बदलून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही भाग मशीनच्या मॉडेल क्रमांकाप्रमाणेच घ्यावेत, कारण दिसायला सारखे असले तरी त्यांचे तापमान वेगळे असू शकते.

प्रतिसाद ३

पाइप निर्दोष निघाला तर वॉशिंग मशीनकडेही पाहावे. तिथे कपडे नीट पिळले जात नसतील तर ड्रायरवर जादा पाण्याचा भार पडतो, आणि दोष मात्र ड्रायरला दिला जातो.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी एक फरक नोंदवतो. कपडे ओले असतानाच मशीन "झाले" म्हणून थांबत असेल, तर तो हवेचा प्रश्न नसून ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा असू शकतो. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या असतात. त्यांच्यावर थर बसला की ओला कपडा टेकूनही मशीनला तो कोरडा वाटतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने त्या पुसाव्यात. खरखरीत घासणी वापरू नये. कंडेन्सर किंवा हीट पंपाच्या ड्रायरला, म्हणजे हवेतली वाफ आतच थंड करून तिचे पाणी करणाऱ्या ड्रायरला, बाहेर जाणारा पाइप नसतो. तिथे हवा कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत अडते, म्हणून तो निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे साफ करावा आणि पत्रे वाकू देऊ नयेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरची झडप जेमतेम बोटभर उघडत होती. मशीन पुढे ओढल्यावर मागचा फॉइलचा पाइप वळणावर चपटा झालेला दिसला, आणि त्याच्या आत लिंटचा करडा, ओलसर, नमद्यासारखा घट्ट थर होता. मधून हवा जायला अगदी थोडी फट उरली होती. हीटरचा रोध अपेक्षेप्रमाणे आला आणि पत्र्याशी जोड नाही. पाइप पत्र्याचा बसवला, फ्यूज आणि थर्मोस्टॅट दोन्ही दुसऱ्या तंत्रज्ञाकडून बदलून घेतले, आणि कपडे आता पूर्वीप्रमाणे एका फेरीत वाळतात. बोर्डाला हात लावावा लागला नाही. एकच शंका उरली आहे: ड्रम फिरताना सुरुवातीची काही मिनिटे धप धप असा आवाज येतो आणि नंतर तो कमी होतो. यात काळजीचे काही आहे का?

प्रतिसाद १

मशीन बराच काळ बंद राहिले की ड्रमखालचे रबरी रोलर एका जागी दबून चपटे होतात. फिरून गरम झाले की पुन्हा गोल होतात आणि आवाज थांबतो. तेवढ्यासाठी मशीन उघडायची गरज नाही. आवाज शेवटपर्यंत टिकला किंवा किरकिर सुरू झाली, तर रोलर आणि पट्टा ताणून धरणारी पुली तपासून घ्यावी. रोलर बदलायचे झाल्यास सगळे एकदमच बदलावेत आणि ड्रम बाहेर निघालेलाच असतो तेव्हा पट्ट्याच्या कडांना चिरा आहेत का तेही पाहावे, म्हणजे त्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागणार नाही. त्याच वेळी मशीनच्या तळाशी साठलेला लिंट व्हॅक्यूमने काढायला त्या तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. फ्यूज दोनदा उडाला आहे, तेव्हा तिथेही तो नक्कीच असेल.