शेजचं बंड (१७८६-८७): सावकाराचं कर्ज की सरकारचा कर?

बालाघाट, लातूर:
स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॅनियल शेजच्या बंडावर एकच ओळ सापडते, "कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला आणि त्यातून राज्यघटना आली." मधलं सगळं गायब. पश्चिम मॅसॅच्युसेट्सचा शेतकरी नेमका कोणाचं देणं लागत होता? सावकाराचं घर सोडून या लोकांनी कोर्ट का धरलं? आणि १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा झाला, त्याच्याशी तुलना कितपत चालते?

मोंढा, परभणी:
देणं दोन प्रकारचं होतं. नोट्समधून दुसरं हमखास गळतं.

पहिलं दुकानदाराचं. स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहानंतर ब्रिटिश पेढ्यांनी राजधानी बोस्टनच्या व्यापाऱ्यांना उधारीवर भरपूर माल दिला. त्याच वर्षी ब्रिटनने वेस्ट इंडिजची बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली, म्हणजे नाणी कमावायची वाटच बुजली. लंडनचा तगादा बोस्टनवर, बोस्टनचा गावच्या दुकानदारावर, त्याचा शेतकऱ्यावर. तोवर तिथलं खातं आपल्या आडत्याच्या खात्यासारखंच चालायचं: वर्षभर उचल, सुगीला धान्य, जनावर नाहीतर मजुरी देऊन वळतं करायचं. आता एकदम नगद मागायला लागले.

दुसरं सरकारचं, आणि माझ्या मते हेच जास्त जड. युद्धात राज्याने सैनिकांना पगारापोटी रोखे दिले होते. घर चालवायला बऱ्याच जणांनी ते मिळेल त्या भावात विकले, आणि पैसेवाल्यांनी गोळा केले. पुढे विधिमंडळाने बाजारभाव न बघता ते व्याजासकट फेडायचं ठरवलं. त्यासाठी कर लावला तो मुख्यतः डोईवर (म्हणजे माणशी) आणि जमिनीवर, तोही नाण्यात. रोखा मातीमोल विकलेल्या सैनिकानेच तो फेडायला कर भरायचा!

दिवाणी दावा, बीड:
कोर्टाचं उत्तर कामकाजाच्या पद्धतीत आहे. धनको 'कॉमन प्लीज' या दिवाणी कोर्टात दावा लावायचा, निकाल लागला की जप्तीचा हुकूम, मग शेरीफ (हुकूम बजावणारा अधिकारी) गुरं-जमीन लिलावात काढणार. तरी भागलं नाही तर ऋणको तुरुंगात. लिलावात बोली लावणाऱ्याकडेही नाणी नसायची, त्यामुळे बैल कवडीमोल जायचा आणि कर्ज उरायचंच. पण हे कोर्ट बारमाही नव्हतं, ठरावीक तारखांनाच बसायचं. ती तारीख उधळली की निकाल नाही, आणि निकाल नाही तर जप्ती नाही.

आधी अर्ज-विनंत्या झाल्या होत्या. २२ ऑगस्ट १७८६ ला हॅटफिल्डला ५० गावांचे प्रतिनिधी बसले. कागदी चलन काढा, कॉमन प्लीज कोर्टं रद्द करा, विधिमंडळ बोस्टनबाहेर न्या, अशा मागण्या. आठवड्याने, २९ ऑगस्टला, नॉर्थॅम्प्टनचं कोर्ट बंद पाडलं. सप्टेंबरमध्ये वुस्टर आणि कॉनकॉर्ड. सप्टेंबरअखेर स्प्रिंगफील्डला राज्याचं वरिष्ठ कोर्ट अडवलं त्याचं कारण वेगळं होतं. तिथे पुढाऱ्यांवर फौजदारी खटले उभे राहण्याची भीती होती.

एक शेज सगळ्यांचा सेनापती, हे चित्र बोस्टनला सोयीचं होतं. ल्यूक डे, जॉब शॅटक, ईलाय पार्सन्स आपापल्या भागात होतेच. हे लोक स्वतःला 'रेग्युलेटर', म्हणजे कारभार ताळ्यावर आणणारे, म्हणवत.

गोदाकाठ, नांदेड:
फसलं कुठे तेही बघा. वुस्टरला मिलिशियाच (गावकऱ्यांचं राखीव सैन्य) बाहेर पडायला तयार नव्हती, सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. म्हणून गव्हर्नर बोडनने व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज उभी केली, जनरल बेंजामिन लिंकनच्या हाताखाली सुमारे ३,०००. ती पोचायच्या आत स्प्रिंगफील्डचं शस्त्रागार घ्यायचा बंडवाल्यांचा बेत होता. डेने "२५ ला जमत नाही, २६ ला येतो" असा निरोप धाडला, तो शस्त्रागार राखणाऱ्या मिलिशियाच्या जनरल शेपर्डच्या हाती लागला. शेज २५ जानेवारी १७८७ ला एका बाजूने चालून गेला. शेपर्डची माणसं शस्त्रागाराच्याच तोफा घेऊन उभी होती. आधी डोक्यावरून गोळे, मग थेट छर्रे. ४ ठार, बाकीचे पांगले. ४ फेब्रुवारीला लिंकनने बर्फात रात्रभर चालून पीटरशॅमला उरलेल्यांना गाठलं.

मोंढा, परभणी:
सुप्याशी तुलना चालते, पण एका मर्यादेत. १२ मे १८७५ ला तिथेही राग माणसापेक्षा कर्जरोख्यांवर होता. त्यामागे होता अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव आणि रोकडीत वाढलेला सारा. फरक मताचा. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८७ च्याच निवडणुकीत गव्हर्नर बोडन पडला, त्याच्या जागी हॅनकॉक आला, कर हलका झाला, बहुतेकांना माफी मिळाली, १७८८ ला शेजलाही. सुप्याच्या कुणब्याला मत कुठलं? त्याला १८७९ चा शेतकरी कर्ज-निवारणाचा कायदा मिळाला, तोही पुणे, सातारा, सोलापूर, नगरपुरता. आपण निजामाच्या हद्दीत, तेव्हा तेवढंही नाही.

बालाघाट, लातूर:
आणि "त्यातून राज्यघटना आली" याचं काय? कागदी चलनाची मागणी कुठे गेली?

दिवाणी दावा, बीड:
"आली" हे फार झालं. घटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या परिषदेची हाक ॲनापोलिसला जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींनी सप्टेंबर १७८६ मध्येच दिली होती, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावरच्या चालीच्या चार महिने आधी. बंडाने घाई लावली, आणि घरी बसलेल्या वॉशिंग्टनला बाहेर काढायला मदत केली. खुणा कलमांत दिसतात. कलम १, पोटकलम ८: बंड मोडायला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार काँग्रेसला. पोटकलम १०: राज्यांनी कागदी चलन काढू नये, सोन्या-चांदीच्या नाण्याखेरीज काही कायदेशीर ठरवू नये, करार मोडणारे कायदे करू नयेत. यात शेजइतकाच ऱ्होड आयलंडचा हात. त्या राज्याने १७८६ ला कागदी नोटा काढून धनकोंना त्या घ्यायला लावल्या होत्या. म्हणजे राज्यात कर हलका करून घेतला, पण हॅटफिल्डची कागदी चलनाची मागणी घटनेने कायमची बाद केली. मॅसॅच्युसेट्सने ६ फेब्रुवारी १७८८ ला घटना मंजूर केली ती १८७ विरुद्ध १६८ मतांनी, आणि विरोधातली बरीच मतं याच पश्चिमेकडच्या गावांची होती.