पाठ केलेली प्रार्थना आणि मनातली प्रार्थना: तुमचा अनुभव काय?

नगरची लेक
यंदाच्या रमजानमध्ये पनवेलला एका मैत्रिणीकडे इफ्तारला गेले होते. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज झाल्यावर तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही हात पसरले, आणि इतका वेळ भराभर अरबी म्हणणारी ती पोर चक्क मराठीत पुटपुटली, "अल्ला, सायकलचं तेवढं बघ."

परतीच्या प्रवासात मला आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना आठवली. आम्ही नगरचे प्रोटेस्टंट. पुस्तकातली प्रार्थना वाचणे म्हणजे देवाला दुसऱ्याचे पत्र वाचून दाखवणे, असे वडिलांचे ठाम मत असल्यामुळे जेवणाआधी प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची, असा नियम होता. गंमत अशी की वडिलांचे 'स्वतःचे शब्द' वर्षानुवर्षे काना-मात्रेनेही बदलले नाहीत. आजारी, अनाथ, परीक्षेला बसलेले अशी यादी संपली की शेवटी "रात्री रुळांवर असणाऱ्यांना सांभाळ" हे वाक्य यायचेच. भाऊ डोळे मिटून ते ओठांनी वडिलांच्या आधी म्हणायचा आणि मी हसू आवरण्यासाठी स्वतःलाच चिमटा काढायचे. मग त्या लहान मुलीची पाठ केलेली नमाज आणि आमची मनातली प्रार्थना यांत खरा फरक कोणता? तुमच्या घरी काय पाहिलेत, ते लिहा.

श्रीवर्धनवाली
दिवसाच्या पाच फर्ज (अनिवार्य) नमाजांच्या मिळून सतरा रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा हा कुराणाचा पहिला अध्याय म्हणावा लागतो. मी तो मक्तबमध्ये, म्हणजे मुलांच्या कुराणशाळेत, सहाव्या वर्षी शिकले. 'ऐन' हे अक्षर घशातून नीट निघेपर्यंत उस्ताद पुढे सरकू देत नसत, अर्थ मात्र कोणी सांगितला नाही. तिशीत मराठी भाषांतर हाती आले, तेव्हा कळले की "इहदिनस्सिरातल मुस्तकीम" म्हणजे "आम्हांला सरळ मार्ग दाखव". इतकी वर्षे मी दिवसातून किमान सतरा वेळा काहीतरी मागत होते आणि काय मागते आहे हे मलाच ठाऊक नव्हते! त्या दिवशी असरला, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेत, मी त्या आयतीपाशी अडखळले आणि पुढचे शब्दच सुचेनात. पाठांतर मोडले, पण नमाज तेवढी एकच खरी झाली असे वाटते.

वसईचा
आमच्याकडे संध्याकाळी जपमाळ. दहा-दहा मण्यांची पाच दशके आणि सुरुवातीचे तीन मणी धरून त्रेपन्न वेळा 'नमो मरिया'. आजीचा अंगठा मण्यांवरून सरकत असे आणि चुलीवरचे कालवण ऊतू जायला लागले की तोंडातला शब्द न थांबवता ती डोळ्यांनीच आईला खुणावत असे. लहानपणी मला हा ढोंगीपणा वाटायचा. आता वाटते की तिच्या प्रार्थनेत स्वयंपाकघरालाही जागा होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत आला तेव्हा बाकी सगळे खूश झाले, आजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की लॅटिनमध्ये जास्त 'लागायचे'. तिला लॅटिनचा एकही शब्द कळत नव्हता.

मडगावकर
वसईचा, आमच्या वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) अजूनही लदीन ही सामूहिक प्रार्थना लॅटिनमध्येच गातात. "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी प्रार्थना कर) हे पालुपद मी आठव्या वर्षी न चुकता म्हणत असे, कारण ते संपले की उकडलेले चणे मिळत.

श्रीवर्धनवाली
मडगावकर, हेतू निर्मळ होता म्हणायचा!

दापोलीचा शाफिई
आम्ही कोकणी मुसलमान शाफिई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या त्या परंपरेचे, त्यामुळे फजरच्या (पहाटेच्या) नमाजेत दुसऱ्या रकातीत रुकूनंतर, म्हणजे कमरेत वाकून झाल्यावर, उभे राहून आम्ही दुआ-ए-कुनूत ही प्रार्थना म्हणतो. हनफी या दुसऱ्या परंपरेचे लोक कुनूत रात्रीच्या वित्र नमाजेत म्हणतात. औरंगाबादच्या वसतिगृहात पहिल्याच पहाटे मी सवयीने हात उचलून उभा राहिलो, डोळे उघडून पाहतो तर अख्खी सफ (रांग) सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून गेलेली. शरमेने कान तापले. पुढे महिनाभर त्या जागी आले की ओठ आपोआप हलू लागत आणि मी ते दाबून धरत असे. तोवर कुनूत माझ्यासाठी केवळ पाठांतर होते. ती म्हणता येत नाही म्हटल्यावर तिची आठवण अशी यायची जशी घरच्या माणसाची येते.

भाषेचा वादही जुना आहे. अरबी न येणाऱ्याने नमाजेत फारसीतून पठण केले तरी चालेल, असे मत हनफी ग्रंथांत इमाम अबू हनीफांच्या नावे येते. आमच्या शाफिई परंपरेला ते मान्य नाही. नमाजेनंतरची दुआ मात्र कोणत्याही भाषेत मागता येते, म्हणून सायकलचा अर्ज अगदी नियमाला धरून आहे.

श्टुटगार्टहून
इथे माझ्या तुर्की सहकाऱ्याच्या आजोबांनी दोन्ही काळ पाहिले होते. तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्की भाषेत द्यायला लावली गेली आणि १९५० साली अरबीवरची बंदी उठली. आजोबांना तुर्कीतल्या अजानचा शब्द न् शब्द समजत असे, तरीही अरबी अजान पुन्हा ऐकू आली त्या दिवशी ते रस्त्यात उभे राहून रडले. वसईच्या आजी आणि हे आजोबा यांची भेट व्हायला हवी होती.

पुणेरी पाळकपुत्र
मला उलटा अनुभव आहे. विशीत एका प्रार्थनासभेत, कोणती ते सांगत नाही, सगळे एकाच वेळी मोठ्याने आपापल्या शब्दांत प्रार्थना करत होते. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली अशाच प्रार्थना करत असल्याची वर्णने आहेत. अचानक माईक माझ्यासमोर आला. मी गप्प. पुढाऱ्याने खांद्यावर हात ठेवून "हृदय उघड" असे तीनदा सांगितले, तसे ते जास्तच बंद झाले. शेवटी तोंडातून "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे तेविसावे स्तोत्र निघाले आणि ते म्हणता म्हणता माझा आवाज भरून आला. नंतर मला सांगण्यात आले की हे 'केवळ पाठ' होते.

नगरची लेक
हे वाचून वाईट वाटले. 'व्यर्थ बडबड करू नका' हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले वचन वडीलही नेहमी काढतात. त्याच अध्यायात दोनच वचनांनंतर येशू शिष्यांना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना शब्दशः शिकवतो, हे मी एकदा दाखवले तेव्हा ते वर्तमानपत्र वाचू लागले.

पुणेरी पाळकपुत्र
प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटे पुस्तक लिहिले. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर असते, बडबडीत रमला तर तो गिऱ्हाइकाचे नाक कापेल, तसेच प्रार्थनेचे आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रभूची प्रार्थना हीच पृथ्वीवरची सर्वांत मोठी हुतात्मा आहे, कारण जो तो तिला छळतो, असेही तो लिहितो. तरी रोज तीच म्हणायला सांगतो.

मडगावकर
दाढी करून घेताना ल्यूथरला फार विचार सुचत असावेत.

नगरची लेक
आज वडिलांना फोन करून त्या रुळांच्या वाक्याबद्दल विचारले. धाकटे काका मालगाडीवर गार्ड म्हणून लागले, त्या आठवड्यात दौंडकडे रात्री मोठा पाऊस होता आणि काकांचा निरोप सकाळपर्यंत आला नव्हता. त्या रात्री आजीने वडिलांना प्रार्थना करायला सांगितली आणि ते वाक्य तेव्हा प्रथम तोंडून निघाले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. काका निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, याची मी आठवण करून दिली. वडील म्हणाले, "गाड्या चालूच आहेत ना."

श्रीवर्धनवाली
भावाला हे सांगितलेस का?

नगरची लेक
सांगितले. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की वाक्य त्याला अजून पाठ आहे.

दापोलीचा शाफिई
आणि सायकलचे काय झाले?

नगरची लेक
ईदीच्या पैशांत निम्मी जमली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी दुआ चालू आहे, आता रंगासकट.