हात जोडते, पण मन लागत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांना पक्षाघात होऊन दीड महिना झाला, उजवा हात अजून उचलत नाही. दर मंगळवारी इथे नागपुरात टेकडी गणपतीला जाते, पण डोळे मिटले की फिजिओथेरपीचा हिशेब सुरू. परवा तर आरतीत उभी राहून पर्समधली औषधांची चिठ्ठीच चाचपत होते!

लहानपणी आजोबांसोबत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसायची. चार लोकांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की आपोआप धीर यायचा. एकटीनं तसं होत नाही. (आजोबा मोझरीला महाराजांच्या गुरुकुंज आश्रमातही न्यायचे, तिथं मात्र मी झोपूनच जायची.)

मानेवाडा-हुडकेश्वरकडे संध्याकाळी अशी प्रार्थना होते का? अर्ध्या तासापुरती आई बाबांजवळ बसते. आणि नवस न बोलता नुसतं बळच मागायचं, तर तुम्ही काय म्हणता?