निर्घृण म्हणजे घृणा नसलेला की दया नसलेला?

सकाळी पेपरात 'निर्घृण खून' असं हेडिंग होतं, मुलगी आठवीत आहे, तिने विचारलं की बाबा घृणा म्हणजे किळस ना, मग निर्घृण म्हणजे ज्याला कोणाची किळस येत नाही असा, तो तर चांगला माणूस झाला. मला काही उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं हा शब्द वाचतोय पण कधी फोडून बघितलाच नव्हता. घाण शब्दाशी याचा काही संबंध आहे का तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

---

मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे. संस्कृतात घृणाचा जुना अर्थ ऊब, आणि त्यावरून मनातली ऊब, म्हणजे दया. सूर्याच्या मंत्रात 'घृणि' येतं बघा, ते त्याच कुळातलं, तिथे तळपणं आहे, किळस नाही. किळस हा अर्थही पुढे संस्कृतातच आला आणि आपण मराठीत तेवढाच ठेवला, निर्घृण मात्र जुना अर्थ पोटात घेऊन तसाच राहिला. म्हणून निर्घृण म्हणजे ज्याला दया नाही तो. घाण वेगळी, ती घ्राण म्हणजे वास यावरून आलीय.

मी हा शब्द नीट शिकलो तो ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, आणि तिथे आरोपी कोण आहे तर खुद्द ईश्वर. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात सूत्र आहे, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. जग देवाने केलं असेल तर कोणी जन्मतः सुखात आणि कोणी जन्मतः हालात असं का, म्हणजे एक तर तो पक्षपाती (वैषम्य) नाही तर निर्दय (नैर्घृण्य), हा तो आक्षेप. सूत्रकार म्हणतात दोन्ही दोष त्याला लागत नाहीत, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्माकडे बघून देतो. आता वैषम्य शब्दाकडे बघा, 'तिला बोलावलं, मला नाही, याचं वैषम्य वाटलं' असं आपण रोज म्हणतो. मूळ अर्थ नुसता असमानपणा, मराठीने त्यात डावललं गेल्याचं दुःख भरलं. मला तर वाटतं आक्षेप घेणाऱ्याच्या मनातलं मराठी वैषम्यात जास्त नीट उतरलंय.

शंकराचार्य यावर पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच, पण भात येणार की जव ते बियाण्यावर, तसं आपलं कर्म म्हणजे बी. आणि पहिल्यांदा जग झालं तेव्हा कर्म कुठून आणलं असं कोणी विचारलं तर लगेच पुढच्या सूत्रात उत्तर आहे की संसार अनादि आहे, पहिली वेळ अशी नाहीच. युक्तिवाद म्हणून पक्का आहे, मला तो पटतो.

---

शब्दाचा अर्थ छान सांगितलात पण पावसाच्या दाखल्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे बी तेच, हात तेच, आणि एका शिवारात पडतो न् बांधापलीकडे थेंब नाही हे दर दोन-तीन वर्षांनी बघतो, त्यामुळे पाऊस सगळ्यांना सारखा हे वाक्य इथे कोणाच्या गळी उतरणार नाही.

आणि दुसरं. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. घरं माळवदाची, मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड जाड भिंती आणि वर लाकडावर थरावर थर दिलेली माती, उन्हाळ्यात गार राहतात म्हणून बांधलेली, तीच अंगावर आली. हजारो माणसं गेली. आमच्या आजीचं माहेर त्यातल्याच एका गावातलं. तिचा भाऊ आणि दोन भाचरं गेली, धाकटं अजून पाळण्यात होतं. त्याचं कर्म काय असेल हे सांगायला बरेच जण आले, मागल्या जन्मीचं असतं, भोग असतात, वगैरे. आजी त्यांना उलट काही बोलली नाही. मातीतनं तिने माहेरचे देवाचे टाक हुडकून काढले, एक पार वाकडा झालेला, ते धुतले, तांदळाच्या डब्यात घालून फळीवर ठेवले आणि वर्षभर हळदकुंकू लावलं नाही. एकादशीला बायका भजनाला बोलवायला आल्या तर म्हणाली, "कनवाळू म्हनत्यात त्याला, कुन्या तोंडानं म्हनू?"

निर्घृणचा उलटा शब्द कोणी विचारला तर मी कनवाळू सांगेन. आणि कर्माच्या उत्तरात मला खुपतं ते हे की देवाची सुटका होते, पण त्यासाठी पाळण्यातल्या पोराला गुन्हेगार करावं लागतं. ते मला मान्य नाही, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं असलं तरी.

---

मूळ प्रश्न माझाच होता. आजींचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

मग एक गोष्ट लक्षात आली ती वापरातली आहे म्हणून इथे लिहितो. आपण निर्घृण खून म्हणतो, निर्घृण मारहाण म्हणतो, पण निर्घृण भूकंप किंवा निर्घृण दुष्काळ असं मी कधी ऐकलं नाही. दुष्काळ भीषण असतो, भूकंप भयंकर असतो. निर्घृण म्हणायला समोर असं कोणीतरी लागतं ज्याला दया येऊ शकत होती आणि आली नाही. आजी भूकंपावर रागावल्या नव्हत्या, त्या देवावर रागावल्या होत्या, म्हणजे तो आहे हे त्यांनी वर्षभर एक दिवससुद्धा सोडलं नव्हतं असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा. आणि विचारू का, वर्षानंतर टाक परत देव्हाऱ्यात आले का?

---

आले. पुढच्या अनंत चतुर्दशीनंतर एक दिवस स्वतःच काढले, कोणाला सांगितलं नाही. वाकडा टाक सोनाराकडे सरळ करून आणू म्हणालो तर नको म्हणाली, ऱ्हाऊ दे तसाच, त्याला बी ठावं असू दे. अजून तसाच आहे आमच्याकडे.