मदत हवी आहे : जुन्या एंटरप्राइज होडीच्या तळाची फायबर दुरुस्ती

नमस्कार. माझ्याकडे एंटरप्राइज वर्गातली एक जुनी शिडाची होडी आहे आणि तिच्या तळाची फायबरची दुरुस्ती मी घरीच, स्वतःच्या हाताने करायला घेतली आहे. काम अर्ध्यावर आले आहे. या टप्प्यावर चूक झाली, तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून जाणकारांचा सल्ला मागत आहे.

ज्यांना ही होडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही दोन माणसांची होडी ४.०४ मीटर लांब असते आणि तिची निळी शिडे लांबूनही ओळखू येतात. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेतल्या अनेकांनी वल्ह्यांनंतर पहिले शीड हाती धरले ते याच होडीवर, आणि मीही त्यांपैकीच एक. नोकरीतून मोकळा झाल्यावर एका संस्थेच्या लिलावात अशी एक होडी भंगाराच्या भावात मिळाली. डोलकाठी सरळ आहे, सुकाणू शाबूत आहे, मात्र होडी भलतीच जड लागली. वखारीतल्या काट्यावर नुसता सांगाडा १२७ किलो भरला. या वर्गाच्या होडीचा सांगाडा ९० किलोंच्या थोडा वर असायला हवा, म्हणजे तीसएक किलो पाणी तिच्या अंगात मुरलेले आहे असाच याचा अर्थ मी घेतो.

तळ फायबरचा आहे आणि वरचे डेक प्लायवूडचे. तळावर दोन रुपयांच्या नाण्याने इंचाइंचाला वाजवून पाहिले. बहुतेक ठिकाणी टणक आवाज येतो, पण सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या दोन्ही अंगांना, साधारण हातभर लांबीच्या पट्ट्यात, पुठ्ठ्यावर बोट आपटावे तसा बद्द आवाज येतो, आणि तिथे अंगठ्याने दाबले की तळ किंचित आत जातो. याच ठिकाणी कोणीतरी पूर्वी फायबर मारून ठेवले होते. त्या थिगळाच्या कडेखाली पटाशी घातली आणि अख्खे थिगळ पापडासारखे सुटून हातात आले. खाली जुना निळा रंग जसाच्या तसा होता, त्यावर बारीक वाळू होती आणि त्या वाळूत एक शिंपलाही चिकटलेला होता. म्हणजे रंग न खरवडता, होडी नीट न धुता, ओल्या तळावरच मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझीन (तंतूंना धरून कडक होणारा चिकट द्रव) थापले होते. ज्याने कोणी हे केले, त्याला त्याच दिवशी होडी पाण्यात हवी असावी. तरीही शिकाऊ मुले ज्या होडीत बसतात तिच्याशी असे वागलेले पाहून मन फार खट्टू झाले.

याशिवाय पाण्याखालच्या भागावर जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) मटारच्या दाण्याएवढे फोड आले आहेत. त्यांतला एक फोडला तेव्हा तपकिरी, चिकट थेंब बाहेर आला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. असे अकरा फोड मी उघडले असून आणखी वीसएक शिल्लक आहेत.

आतापर्यंत मी इतके केले आहे. होडी उलटी करून पत्र्याच्या शेडमध्ये दोन घोड्यांवर ठेवली, गोड्या पाण्याने चार वेळा धुतली, आणि दोन्ही बाजूंचे बंद कप्पे उघडून आतला ओलाचिंब फोम काढून टाकला. पेटीजवळचा मऊ भाग ग्राइंडरने खरवडत गेलो तेव्हा तळाची जाडी साधारण ४ मिलिमीटर असल्याचे कळले. इथे मी थांबलो आहे.

माझ्या शंका अशा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे रेझीन कोणते वापरावे. आमच्या बंदरावरचे कारागीर लाकडी होड्यांना फायबर मारतात ते पॉलिएस्टर रेझीन आणि मॅटने, आणि त्यांचा हात इतका सफाईदार आहे की तेच करावे असा मोह होतो. पण सेंटरबोर्डची पेटी माझ्या होडीत लाकडाची आहे, ती फायबरच्या तळाला जिथे मिळते तो सांधाच गळतो आहे, आणि पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही असे ऐकून आहे. दुसरी शंका, मऊ भागाच्या कडा किती लांबपर्यंत उतरत्या घासाव्यात. तिसरी, तळ पुरेसा वाळला हे कसे ओळखावे, कारण माझ्याकडे ओल मोजण्याचे यंत्र नाही आणि पाऊस यायला जेमतेम तीन महिने उरले आहेत.

प्रतिसाद

नमस्कार. आपण थांबलात हे फार योग्य केलेत. मी बरीच वर्षे फायबरच्या होड्यांचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या होडीला सगळीकडे इपॉक्सी रेझीनच वापरा. ते पॉलिएस्टरच्या कितीतरी पट महाग पडते, पण इपॉक्सी लाकडालाही धरते आणि नीट घासलेल्या जुन्या पॉलिएस्टरलाही. याच्या उलट क्रम मात्र चालत नाही. एकदा इपॉक्सी लागले की त्यावर पॉलिएस्टर किंवा साधा जेलकोट भरवशाने बसत नाही, म्हणून अर्धे हे आणि अर्धे ते असा विचार करू नका. शेवटी दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या, कारण उघडे इपॉक्सी उन्हाने खराब होते.

दुकानदार नेहमीची मॅट देईल ती या कामासाठी घेऊ नका. तिच्या तंतूंना धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीमध्ये तो विरघळत नाही, आणि मग मॅट कोपऱ्यात वळत नाही. विणलेले किंवा तिरप्या तंतूंचे शिवलेले कापड मागा.

पॉलिएस्टरची सवय असलेले लोक एक चूक हमखास करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर (रेझीन गोठवणारा द्रव) शेकडा १ ते २ असा थोडा कमीजास्त करून गोठण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसे अजिबात करू नये. डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनाने तंतोतंत घ्यावे, नाहीतर रेझीन कायमचे मऊ राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवले की लगेच पसरट ताटात ओता. खोल डब्यात ठेवलेले रेझीन स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते.

कडांसाठी जाडीच्या बारा पट उतार धरा. आपली जाडी ४ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे ५ सेंटिमीटर. घासण्याआधी ॲसिटोनने पुसा, नंतर नव्हे, कारण वरचे मेण आणि तेल घासताना आत दाबले जाते. पेटीच्या सांध्यात सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई आधी भरा आणि ती पुरती कडक होण्याच्या आत कापडाचे थर चढवा. एक थर पूर्ण सुकल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर दिसला तर तो नुसत्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन मगच पुढे जा.

ओल तपासण्यासाठी जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन तळावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव धरले तर तळ अजून ओला आहे. उरलेले सगळे फोड आजच उघडा, पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, कारण तो आंबट द्रव आत राहिला तर पाणी पुन्हा ओढून घेईल. दव धरणे थांबत नसेल तर पावसाळाभर होडी शेडमध्ये तशीच उघडी ठेवा. एक हंगाम गेला तरी चालेल, ओल्या तळावर थर मात्र देऊ नका.

घासताना कापडी रुमालावर भागवू नका. धुळीसाठी चांगला मास्क, वाफांसाठी कार्ट्रिजचा मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. पॉलिएस्टरचा विचार सोडून दिला आहे. कालच उरलेले फोड उघडले आणि प्लास्टिकचे तीन चौकोन लावले. आज सकाळी पेटीजवळच्या चौकोनाला आतून भरपूर दव होते, नाळेकडचे दोन कोरडे निघाले. दर आठवड्याला तीच तपासणी करीन आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत पेटीजवळचा चौकोन कोरडा निघाला नाही तर पाऊस संपेपर्यंत तळाला हात लावणार नाही.

तोवर डेकचे काम करावे म्हणतो. कुजलेल्या भागासाठी आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचे मरीन प्लायवूड आणले आहे. त्याला इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा तो सकाळी की संध्याकाळी? सकाळी नमुन्याच्या तुकड्यावर दिला, तर ऊन चढताच लाकडातली हवा बाहेर येऊन सगळीकडे बुडबुडे उठले.

प्रतिसाद

संध्याकाळी, ऊन उतरू लागल्यावर द्या. लाकूड थंड होत असताना हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर रेझीनही आत मुरते. बुडबुडे आलेला तुकडा टाकू नका, घासून त्यावरच पुन्हा करून पाहा.