मदत हवी आहे: डेबियनवर (लिनक्सवर) कप्स, म्हणजे प्रिंटिंगची सर्व्हिस, डिसेबल केलं तरी लाईट आली की पुन्हा चालू

तापीकाठ
रावेरला केळी खरेदीच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर, सगळ्यांवर डेबियन 12. एकावर सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) आणि यूएसबी प्रिंटर. बाकी चौघं त्याच्यावरचं हिशेबाचं फोल्डर एफएसटॅबमधून (बूटला काय जोडायचं त्याची फाइल) माउंट करतात, म्हणजे जोडून घेतात. चौघांवर प्रिंटचं काम नाही म्हणून कप्स.सर्व्हिस डिसेबल केली. लाईट जाऊन आली की कप्सचा 631 पोर्ट परत उघडा दिसतो. वर बूटला मिनिटभर उशीर. सिस्टीमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेममध्ये (बूटला कशाला किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन, म्हणजे नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस, 60 सेकंद दिसतं. ते पण डिसेबल करू का?

भरीतपुरी
कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ राहिले असतील. कोणी कप्सला हाक मारली की ते सर्व्हिसला उठवतात.

खालचीआळी
चालू मशीनवर नुसतं स्टॉप केलं तर तसं होतं, बरोबर. पण कप्सच्या युनिट फाइलीत (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) 'ऑल्सो' ओळ आहे, त्यामुळे डिसेबल करताना सॉकेट आणि पाथच्या लिंकही निघतात. रीबूटनंतर उठवणारा वेगळा आहे. हे चालवा:

सिस्टीमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स कप्स.सर्व्हिस

कप्स-ब्राउज्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा प्रोग्रॅम) दिसेल. त्याच्यात 'रिक्वायर्स=कप्स.सर्व्हिस' लिहिलंय, म्हणजे तो सुरू झाला की कप्सला ओढून आणणारच, डिसेबल असो की नसो. डिसेबलने फक्त बूटच्या वेळची लिंक जाते; दुसऱ्या युनिटने बोलावलं तर अडवत नाही. अडवायला मास्क (युनिटला पूर्ण कुलूप) लागतं, पण इथे मूळ प्रोग्रॅमच काढून टाका: एपीटी पर्ज कप्स-ब्राउज्ड. सप्टेंबर 2024 मध्ये गाजलेला धोका यूडीपी 631 वर ऐकणाऱ्या याच प्रोग्रॅमचा होता. कप्स स्वतः टीसीपी 631 वर सहसा फक्त 127.0.0.1 ला, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतं, त्याची एवढी धास्ती नको. एसएस -टीयूएलपीएन (उघडे पोर्ट दाखवणारी कमांड) मध्ये पोर्टच्या आधीचा पत्ता बघत जा.

वेट-ऑनलाइनला मात्र हात लावू नका, भाऊ. लाईट आल्यावर राउटरला उठून आयपी द्यायला वेळ लागतो, तो बिचारा तेवढीच वाट बघतो. त्याला काढलं तर नेटवर्क नसतानाच माउंट होऊ बघेल आणि हिशेबाचं फोल्डर रिकामं दिसेल. त्यात कोणी नोंदी केल्या तर त्या त्याच कॉम्प्युटरवर राहतील, हा खरा घोळ. एफएसटॅबच्या त्या ओळीत पर्याय जोडा: नोफेल,एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट. मग फोल्डर पहिल्यांदा उघडेल तेव्हाच माउंट होतं, बूट अडत नाही. बदलानंतर सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड, मग रीबूट.

तापीकाठ
दोन्ही केलं. ब्लेममधून वेट-ऑनलाइन गेलं, 631 पण बंद. सांबावाल्या मशीनवर अवाही (नेटवर्कवर मशीन-प्रिंटर नावाने शोधणारी सर्व्हिस) बंद करू का? फोल्डर आयपीनेच जोडलंय.

खालचीआळी
करा. आधी तिथलाही कप्स-ब्राउज्ड काढा, यूएसबी प्रिंटरला तो लागत नाही आणि अवाहीलाही तोच बोलावतो. मग:

सिस्टीमसीटीएल डिसेबल --नाऊ अवाही-डेमन.सर्व्हिस अवाही-डेमन.सॉकेट

भरीतपुरींचा मुद्दा इथे लागू: सॉकेटचं नाव सोडलं तर तो लगेच उठवेल. सांबाचा एसएमबीडी (फोल्डर शेअर करणारा) राहू द्या, एनएमबीडी (नावं शोधणारा) गेला तरी चालेल. लांबून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून कमांड चालवायची सोय) बसला असाल तर एसएसएच बंद करू नका, बाकीचं बघा.