बस वळणावर एकाच स्पीडनं गेली तर अ‍ॅक्सलरेशन कुठनं आलं?

पीयूसी_खानापूर:
नमस्कार, फर्स्ट पीयूसी सायन्सला (म्हंजे अकरावीला) हाय. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, आता सगळं इंग्लिशमधनं, त्यामुळं सर्क्युलर मोशनला (वर्तुळात फिरण्याच्या धड्याला) गाडी अडकलीय. सर म्हणाले युनिफॉर्ममध्ये स्पीड सेम राहतो तरीपण अ‍ॅक्सलरेशन असतंय. स्पीड वाढंना, कमी होईना, मग अ‍ॅक्सलरेशन कसलं ओ? आणि नॉन-युनिफॉर्ममध्ये जादा काय येतंय? फॉर्म्युले पाठ हाईत पण डोक्यात शिरंना झालंय.

चोर्लाघाट:
बेळगावहून चोर्ला घाटातनं पणजीला गेलायस काय कधी? ड्रायव्हरनं काटा ताशी ३६ किलोमीटरवर धरून वळण घेतलं तर स्पीड तोच, पण बसचं तोंड सारखं फिरतंय की. व्हेलॉसिटीत दिशापण धरतात, दिशा बदलली की व्हेलॉसिटी बदलली आणि ती बदलण्याचा दर म्हंजेच अ‍ॅक्सलरेशन, बाकी काय नाही. ते वळणाच्या सेंटरकडं असतंय, स्पीडचा वर्ग भागिले त्रिज्या. ३६ म्हंजे सेकंदाला १० मीटर, त्रिज्या ४० मीटर धर, १०० भागिले ४०, आलं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता वळणातच समोरनं ट्रक आला आणि ह्यानं ब्रेक दाबला, समज दर सेकंदाला १.५ मीटर प्रति सेकंद एवढा स्पीड उतरायला लागला. हे दुसरं अ‍ॅक्सलरेशन, टँजेन्शियल, रस्त्याच्या रेषेत मागच्या बाजूला. हेच तुझं जादाचं. दोन्ही काटकोनात, म्हणून दोन्हींच्या वर्गांची बेरीज, ६.२५ अधिक २.२५, तिचं वर्गमूळ, २.९ च्या आसपास, आणि आता ते सेंटरकडं नाही, ३१ अंश मागं कललेलं. म्हणून नुसतं वळण असलं की तू बाहेरच्या बाजूला रेलतोस, ब्रेक लागला की बाहेर आणि पुढं असा तिरका जातोस, कोपर पुढच्या सीटच्या दांड्यावर!

पीयूसी_खानापूर:
आत्ता कळलं ओ. मग उभ्या वर्तुळात फिरणारं सगळं नॉन-युनिफॉर्मच काय? दोरीला दगड बांधून फिरवतात तसलं?

निपाणीकर:
नाही बाबा, इथंच पोरं मार्क घालवतात. दोरीचा दगड वर जाताना गुरुत्वाकर्षणानं स्लो होतोय, खाली येताना फास्ट, तो नॉन-युनिफॉर्म. पण जत्रेतला आकाशपाळणा उभाच असतोय की, त्याला मोटर एकसारखी फिरवते, तो एकदा लयीत आला की युनिफॉर्म. वरच्या टोकाला पोटात गोळा येतोय तो स्पीड बदलला म्हणून नाही, तिथं सीट कमी रेटा देते म्हणून. सुरू होताना आणि थांबताना तेवढा नॉन-युनिफॉर्म. सीलिंग फॅनचंपण तेच, बटण दाबल्यावर पाती वेग पकडेपर्यंतच.

स्टीअरिंगवाला:
फिजिक्स माहीत नाही, वीस चाकांची गाडी चालवलीय. वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, वळणात नाही.

चोर्लाघाट:
@स्टीअरिंगवाला बरोबर हाय मामा. टायरची पकड एकच, वळायलापण तीच आणि थांबायलापण तीच. त्याच वळणावर स्पीड ३६ चा ७२ केला तर २.५ चे १० होतात, पावसात तेवढी पकड कुठली ओ, तिथं ब्रेकच्या वाट्याला काय उरणार.